यकृताची झाडलोट आणि तीन ‘विषारी’ वायू

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. आठवड्याच्या बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. आमच्या गावातले एक किराणा दुकानदार सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन समोर बसले. वय अठ्ठेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी किलो, गळ्यात तुळशीची माळ. कागदावर लिहिले होते, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’.

“डॉक्टर, मी माळकरी माणूस. दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही. मग माझं लिव्हर कसं खराब झालं?”

मी उत्तर देण्याआधीच त्यांनी खिशातून मोबाईल काढून एक मजकूर दाखवला. उपाशी राहिले की पेशी स्वतःची घाण स्वतः खातात, या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले आहे, म्हणून एकवीस दिवस फक्त पाण्यावर राहा, लिव्हर नव्यासारखे होईल, असा त्याचा सारांश. “मी आणि थोरले भाऊ, दोघांनी मिळून धरायचं ठरवलंय,” ते म्हणाले.

थोरल्या भावांना मी ओळखत होतो. त्यांना दोन वर्षांपासून सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत आक्रसून निबर होण्याचा विकार आहे. मी घाईने विचारले, “त्यांनी सुरू तर नाही ना केलं?”

“केलं की! आज चौथा दिवस.”

त्याच रात्री थोरल्या भावांना जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करावे लागले. ते बरळत होते, दिवस-रात्रीचे भान राहिले नव्हते. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी त्या मजकुरात खरे किती आणि खोटे किती ते पाहू. कारण त्यातला नोबेलचा भाग अगदी खरा आहे, आणि म्हणूनच तो मजकूर धोक्याचा आहे.

जुन्या लुगड्याची गोधडी

आपल्या आई-आजी जुने लुगडे टाकून देत नसत. त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणे होई. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी असाच संसार करते. पेशीतली जुनी प्रथिने, निकामी झालेल्या तंतुकणिका, साठलेली चरबी यांच्याभोवती एक पातळ पिशवी तयार होते. ही पिशवी लयकारिकेला जाऊन मिळते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात लयकारिका आपण वाचलेल्या आहेत. तिथले पाचक रस त्या मालाचे तुकडे करतात आणि ते तुकडे नव्या बांधणीसाठी किंवा इंधन म्हणून पुन्हा वापरले जातात. या कामाला शास्त्रात ‘ऑटोफॅजी’ म्हणतात, मराठीत स्वभक्षण. मला मात्र ‘झाडलोट’ हाच शब्द बरा वाटतो.

या शोधाचा यकृताशी जन्मापासूनचा संबंध आहे. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९५५ साली लयकारिका शोधून काढल्या त्या उंदराच्या यकृतावर काम करतानाच. ‘ऑटोफॅजी’ हे नावही त्यांनीच १९६३ मध्ये दिले. १९७४ साली त्यांना नोबेल मिळाले. पुढे जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी पाव फुगवायच्या यीस्टमध्ये ही झाडलोट कोणत्या जनुकांच्या हुकमाने चालते हे शोधले. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. मोबाईलवरचा मजकूर याच नोबेलबद्दल बोलत होता.

यकृत हे दीड किलोच्या आसपास वजनाचे अवयवांतले मोठे कोठार. खाल्लेले अन्न आतड्यातून रक्तात आले की पहिल्यांदा इथेच येते. म्हणून झाडलोटही इथे फार मोठी चालते. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात रजत सिंग, मार्क चाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की यकृताच्या पेशीतले चरबीचे थेंबसुद्धा याच वाटेने मोडले जातात. झाडलोट बंद पाडली की पेशीत चरबी साठत जाते. म्हणजे ‘फॅटी लिव्हर’ हा नुसता जास्त खाण्याचा नव्हे, तर आवराआवर थकल्याचाही आजार आहे.

विषाच्या तासाला शिकलेले वायू

आता प्रश्न असा की झाडलोट केव्हा सुरू करायची आणि केव्हा थांबवायची हे पेशीला कोण सांगते? उपास, इन्सुलिन, ग्लुकॅगॉन हे सांगणारे आहेतच. पण गेल्या काही वर्षांत आणखी तीन निरोप्ये पुढे आले आहेत आणि ते ऐकून कोणीही दचकेल. नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे ते तीन वायू.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत यांतल्या दोघांची ओळख न्यायवैद्यकशास्त्राच्या तासाला झाली, विष म्हणून. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरलेल्या माणसाला क्षणात आडवा करतो तो हायड्रोजन सल्फाइड. नायट्रिक ऑक्साइड मोटारींच्या धुरातला. असे हे तिघे. पण आपले शरीर हे तिन्ही वायू रोज, अगदी सूक्ष्म प्रमाणात, स्वतः तयार करते.

पटत नाही? मग घरातलीच उदाहरणे घ्या. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी आपल्यापैकी अनेकांच्या खिशात असते. त्या गोळीतून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयविकारासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सुचवले होते, ज्याच्या स्फोटावर त्यांनी संपत्ती कमावली तेच! आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाबद्दल त्यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले.

दुसरे उदाहरण मुका मार लागल्याचे. वळ आधी काळानिळा असतो, मग हिरवट होतो, मग पिवळा पडून जातो. रक्तातला लाल रंग मोडून हिरवा रंगद्रव्य होताना दर खेपेला कार्बन मोनॉक्साइडचा एक कण बाहेर पडतो. पुढे हिरव्याचे पिवळे, म्हणजे बिलिरुबिन होते. काविळीत डोळ्यांत दिसते ते हेच. मार लागो न लागो, जुन्या तांबड्या पेशी रोज मोडतच असतात, त्यामुळे प्लीहेत आणि यकृतात हे काम अखंड चालू असते.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. डाळी, अंडी, दूध यांतल्या गंधकयुक्त प्रथिनांपासून आपले शरीर तो बनवते आणि बनवणारी विकरे यकृतात भरपूर असतात.

वायूच का? शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली की दार न ठोठावता आपल्याला कळते. तसेच हे. हे कण इतके लहान की पेशीच्या भिंतीतून सहज आरपार जातात, त्यांना दार लागत नाही. आणि त्यांतले काही काम झाले की लवकर नाहीसे होतात. नायट्रिक ऑक्साइड तर काही सेकंदच टिकतो. झटपट निरोप द्यायला असाच निरोप्या हवा.

निरोप बिघडला की

निरोगी यकृतात रक्तवाहिन्यांचे अस्तर थोडा थोडा नायट्रिक ऑक्साइड सोडत राहते. त्याने यकृतातल्या बारीक वाहिन्या सैल राहतात आणि रक्त बिनबोभाट वाहते. पण पोट सुटले, मधुमेह जडला, यकृताला सूज आली की दुसऱ्याच विकराकडून हा वायू भरमसाट तयार होऊ लागतो. जास्तीचा वायू मग प्रथिनांना जाऊन चिकटतो. २०११ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की अशा प्रकारे नायट्रिक ऑक्साइड पेशीची झाडलोट सुरू करणारी कळच अडवतो. घरात कचरा वाढला आहे आणि झाडूवालीला मात्र आत येऊ देत नाहीत, अशी अवस्था.

सिऱ्हॉसिसमध्ये तर उलटासुलटा कारभार होतो. यकृताच्या आत हा वायू कमी पडतो, म्हणून तिथल्या वाहिन्या आवळतात. यकृताबाहेर आतड्याच्या बाजूला तोच वायू जास्त होतो, तिथल्या वाहिन्या नको तितक्या सैल पडतात. एकीकडे बंधारा, दुसरीकडे पूर. यातूनच पोटात पाणी साठते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि कधी कधी रक्ताची उलटी होते. अशा रुग्णांना डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात ती हा पुराचा दाब उतरवण्यासाठी. बरे वाटते म्हणून ती मनाने बंद करू नये.

कार्बन मोनॉक्साइडचे वागणे जरा वेगळे. पेशीवर संकट आले की तो बनवणारे विकर वाढते. रक्तात जंतुदोष पसरवलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की हे विकर जागे असले तर यकृताच्या पेशींत झाडलोट वाढते आणि पेशी तगतात. विकर अडवले की जास्त पेशी मरतात. म्हणजे हा संकटकाळचा भोंगा.

हायड्रोजन सल्फाइड पेशीतल्या इंधन मोजणाऱ्या यंत्रणेला हात घालतो. उंदरांना हा वायू सोडणारे द्रव्य दिले तेव्हा ‘इंधन कमी आहे’ असा इशारा देणारे प्रथिन जागे झाले, झाडलोट वाढली आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उतरली.

मग काय, भरा सिलिंडर आणि द्या रुग्णाला? इथेच थांबा. ज्या प्रयोगांत यकृताचा रक्तपुरवठा काही काळ बंद करून पुन्हा सुरू केला, त्यांतल्या काहींमध्ये हाच हायड्रोजन सल्फाइड झाडलोट कमी करून यकृताला वाचवताना दिसला. एका ठिकाणी वाढवतो, दुसऱ्या ठिकाणी घटवतो. आणि झाडलोट नेहमीच हिताची असते असेही नाही. यकृतात काही पेशी अशा असतात की ज्या अ जीवनसत्त्व साठवून शांत बसलेल्या असतात. यकृताला वारंवार इजा झाली की त्या जाग्या होऊन व्रणाचे धागे विणू लागतात. हे विणकाम करायला लागणारी ताकद त्या आपल्या पोटातली चरबी मोडून, म्हणजे याच झाडलोटीतून मिळवतात, असे २०१२ मध्ये सिद्ध झाले. एका पेशीला तारणारी गोष्ट शेजारच्या पेशीला बिघडवते.

म्हणून या वायूंवर आधारलेले यकृताचे औषध आजमितीला दवाखान्यात आलेले नाही. चरबीयुक्त यकृताच्या सुजेवर अमेरिकेत २०२४ मध्ये पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, पण तेही वेगळ्या वाटेने काम करते. कोणी ‘ऑटोफॅजी वाढवणारी पावडर’ किंवा ‘लिव्हर धुणारा काढा’ विकत असेल तर त्याला आपण एवढेच विचारावे, कोणत्या पेशीतली झाडलोट, बाबा?

सिऱ्हॉसिसमध्ये उपास का नको?

आता थोरल्या भावांकडे वळू. निरोगी यकृतात साखरेचा साठा असतो, त्यावर आपण रात्र काढतो. सिऱ्हॉसिसमध्ये हा साठा फार थोडा उरतो. अशा रुग्णाचा एका रात्रीचा उपास हा धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाएवढा पडतो. साखर संपली की शरीर स्नायू मोडून खायला लागते. हाही पुनर्वापरच, पण घराचे वासे काढून चूल पेटवण्यासारखा. शिवाय रक्तातला अमोनिया निवळण्याचे काम दुबळ्या यकृताच्या जोडीला स्नायू करत असतात. तेच झिजले की अमोनिया मेंदूला जाऊन भिडतो. माणूस बरळतो, झोप उलटी होते, हात थरथरतात, शेवटी शुद्ध हरपते.

म्हणून सिऱ्हॉसिसच्या रुग्णांनी फार वेळ उपाशी राहायचे नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खायचे आणि झोपण्यापूर्वीही काही खायचे. दूध-पोहे, मऊ वरणभात, खीर चालेल. पूर्वी अशा रुग्णांची डाळ-दूध बंद करत असत. ती पद्धत आता मोडीत निघाली आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. मीठ मात्र बेताने.

मग धाकट्याने काय करावे?

त्यांना मी विचारले, “एकादशीला काय खाता?” म्हणाले, “सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, संध्याकाळी पुन्हा खिचडी.” आपली म्हण खोटी नाही, एकादशी अन् दुप्पट खाशी! दुकानात दिवसभर बसून काम, दहा-बारा वेळा साखरेचा चहा, जोडीला फरसाण. दारूशिवायही यकृत चरबीने भरते ते असे. २०२३ पासून शास्त्रज्ञांनी या आजाराचे नावच बदलून ते चयापचयाशी, म्हणजे पोटाचा घेर, साखर आणि चरबी यांच्याशी जोडले आहे.

त्यांना जे सांगितले ते सर्वांसाठी देतो.

वजन पाच टक्के उतरले तरी यकृतातली चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरले तर सूजही ओसरू लागते. चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो. हे सहा महिने ते वर्षभरात, हळूहळू. पाण्यावर राहून झटपट वजन उतरवल्यास यकृताची सूज उलट वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होतात.

रोज अर्धा तास भरभर चालावे, आठवड्यातले पाच दिवस तरी. चालण्याने पेशीतली तीच इंधन मोजणारी यंत्रणा जागी होते आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर योग्य तेवढा नायट्रिक ऑक्साइड सोडू लागते. कोणतेही सिलिंडर न लागता!

रात्रीचे जेवण सातला आटोपून सकाळपर्यंत काही न खाणे धडधाकट माणसाला पुरेसे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एवढाही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, नाहीतर साखर एकदम उतरते.

दारू सोडण्याला पर्याय नाही. ‘थोडी’ म्हणजे किती, हा वाद यकृताशी घालू नये.

हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी प्रकार तर बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसते.

सोनोग्राफीत चरबी दिसली तर यकृत निबर होऊ लागले आहे का हेही पाहावे. वय, यकृताच्या दोन साध्या तपासण्या आणि प्लेटलेटची संख्या एवढ्यावरून डॉक्टर त्याचा प्राथमिक अंदाज घेऊ शकतात. मोठ्या तपासणीची गरज आहे का ते त्यावरून ठरते.

आणि वायूंबद्दल शेवटचे. लसूण खा, त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांपासून शरीर थोडा हायड्रोजन सल्फाइड बनवू शकते. पण भाकरीबरोबरची चटणी म्हणून खा, औषध म्हणून पाकळ्या मोजू नका. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. मैल्याच्या टाकीत किंवा जुन्या गटारात कोणालाही उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ म्हणून आत वाकणारा माणूस वर येत नाही. पेशीत कणभर असताना जो निरोप्या, तोच टाकीत काळ होतो.

थोरले भाऊ नऊ दिवसांनी घरी आले. पोट साफ राहण्याचे औषध, झोपताना दूध-पोहे आणि सकाळी घराच्या ओट्यावर बसून ऊन, असा त्यांचा सध्याचा क्रम आहे. त्यांचे यकृत नवे होणार नाही, पण आहे ते जपता येईल. धाकटे कार्तिकी एकादशीनंतर आले तेव्हा काट्याने एकोणऐंशी दाखवले. दुकानापासून मारुतीच्या देवळापर्यंत रोज दोन फेऱ्या आणि चहा दोनच कप, तोही बिनसाखरेचा. एकादशीला आता फळे आणि ताक. मला म्हणाले, “डॉक्टर, तो मेसेज आणखी चौघांना पाठवला होता मी. त्यांना फोन करून सांगितलं, करू नका म्हणून.”

त्यांच्या सहा किलोंतले पाच उतरले आहेत. पण मला त्या चार फोनांचा आनंद जास्त झाला.